सरांना माती द्यायची राहिली

या मंडळी, मागच्यांनी पुढं येऊन बसा. काकू, सरांच्या शोकसभेत तुमच्यासमोर असं उभं राहून बोलायची पाळी माझ्यावर येईल, असं कधी वाटलं नव्हतं. भाव करताना माझी जीभ अडत नाही, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आज भाव नाही, सरांबद्दल बोलायचं आहे.

मी पंडरीच्या कापडबाजारात गठ्ठे वाहत होतो, तेव्हा वानखेडे सरांनी मला इंग्रजी शिकवली. दुकानाच्या पायरीवर बसून. फी विचारली तर म्हणायचे, "चहा पाज, अन् स्पेलिंग नीट लिही."

पुढं मी ट्रक घेतला, मुरूम-मातीच्या धंद्यात पडलो. इथं नवं राज्य झालं, नवी राजधानी झाली, बाहेरून नवे साहेब आले. एकानं मला सांगितलं, भरावासाठी "क्लीन डर्ट" पाहिजे. मी तडक सरांकडं.

"सर, डर्ट म्हणजे घाण ना? मग हा साहेब मले साफ घाण काहून मागून राहिला?"

सर खूप हसले. "अरे पोट्ट्या, तिकडे परदेशात मातीलेही डर्टच म्हणतात." मग चष्मा पुसत सांगू लागले. हा शब्द मूळचा इंग्रजांच्याही उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ होता विष्ठा. इंग्रजांनी तो घेतला, त्यातल्या 'र'ची जागा हलवली, 'ड्रिट'चं 'डर्ट' झालं. अर्थही सरकत गेला. विष्ठेचा चिखल झाला, चिखलाची माती झाली.

मी विचारलं, "पण मातीनं काय केलं होतं, सर?"

"काहीच नाही. घाण माणसाची, नाव मातीचं."

मंडळी, हे वाक्य मी या आठवड्यात रोज आठवतो आहे.

आपल्या पाऱ्यात, वस्तीच्या तोंडाशीच नालीसाठी खड्डा खोदला. अर्धवट टाकून ठेकेदार निघून गेला. आत आधाराच्या फळ्या नाहीत, वर कठडा नाही. सर दूध आणायला निघाले आणि त्यांच्या पायाखालची कड खचली, सर मातीखाली गेले. पोलिसांनी कागदावर काय लिहिलं? "मिट्टी धसकने से मौत." म्हणजे आरोपी कोण? माती.

मी मातीवर जगलेला माणूस आहे. काळी माती खोल खोदली, फळ्या लावल्या नाहीत, पाणी मुरू दिलं, तर ती खचणारच. हे खोदणाऱ्याला ठाऊक असतं. स्मशानात एक जण मला म्हणाला, "भैया, होनी को कौन टाले?" हव, होनी. खड्डा होनीनं खोदला?

खड्डा बुजवा म्हणून आपण निगमात अर्ज दिला. उत्तर आलं, काम प्रगतीत आहे. खड्डा आजही उघडा आहे. काकू रोज त्याच्याच काठानं जातात. शाळेतली लेकरं जातात.

आपण मूळची वऱ्हाडाकडची माणसं. कुणी गेलं की म्हणतो, मातीला जाऊन आलो. सरांच्या मातीला आपण सगळे गेलो. पण अग्नी देऊन परतलो. माती कुणीच दिली नाही.

बाहेर माझा ट्रक उभा आहे, मुरूम भरून. घमेली आहेत, फावडी आहेत. म्हणून दोन मिनिटांचं मौन इथं नको. चपला घाला आणि खड्ड्यापर्यंत चला. वाटेत कुणी बोलू नका. पहिली मूठ काकूंची. मग आपली घमेली. खड्डा भरला, की मौन सुटेल.

सर, येतो आम्ही. माती घेऊन येतो.