पूर्वेस जिना

...नाही, पण मी म्हणते, गृहपाठ द्यायचाच तर काहीतरी साधं द्या ना! व्याख्या लिहून आणायला सांगा, पाठ करायला सांगा, आम्ही काय नाही म्हणतोय? पण आमचे मास्तर म्हणाले, "उद्या येताना प्रत्येकाने आपापल्या घराचं खरेदीखत वाचून यायचं." आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या घराचं खरेदीखत कुणी वाचतं का हो? ते कपाटात ठेवायचं असतं! आमचं एकतीस वर्षं जुन्या चादरींच्या खाली सुखाने नांदत होतं.

तुम्हाला सांगते, चूक माझी नाहीच, चूक आमच्या साहेबांची. मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, फायली लावते, अशिलांना "साहेब येतीलच इतक्यात" म्हणून बसवून ठेवते... छान चाललं होतं. साहेबांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "बाई, वकिलांच्या मदतनिसांसाठी वर्ग निघालाय, जा, मालमत्तेच्या कायद्याची निदान बाराखडी तरी शिका." गेले. पहिल्याच दिवशी मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटलं आणि नाकातून म्हणाले, "लिहून घ्या! ताबा वेगळा, मालकी वेगळी! घरात राहता म्हणून घर तुमचं होत नाही, कागद काय म्हणतो ते बघा!" मी आपलं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं, खाली दोन रेघासुद्धा मारल्या. मला काय ठाऊक, हे माझ्याच घराबद्दल चाललंय!

तर घरी आले, चादरी उपसल्या, खत काढलं. सासऱ्यांनी सही केलेलं. ते आता नाहीत, घर सासूबाईंच्या नावावर आलंय. तिसरा मजला, बरोबर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, बरोबर. मग आली चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना काय काय आहे ते. "पूर्वेस जिना, पश्चिमेस रस्ता." वाचलं, पुढे गेले... आणि थबकले. पूर्वेस जिना? अहो, पूर्वेला माझी स्वयंपाकघराची खिडकी आहे! रोज सकाळी दूध तापवताना ऊन सरळ डोळ्यांत येतं माझ्या! मग जिना पूर्वेला आहे तो कुणाच्या? मी दार उघडलं, जिन्याच्या माथ्यावर दोन्ही हात पसरून उभी राहिले, पूर्व कुठली, पश्चिम कुठली ते बघितलं... आणि माझं बोट गेलं थेट समोरच्या काकूंच्या दारावर!

मी घरात येऊन मटकन खालीच बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तशी सरकली, आणि सरकलेली जमीनसुद्धा काकूंची!

यांना सांगितलं, तर हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "अगं, टायपिंगची चूक असेल. करता की तुम्ही लोक." तुम्ही लोक! असा राग आला मला... दुसऱ्या दिवशी तशीच उठले, नोंदणीच्या कचेरीत जाऊन काकूंच्या खताची नक्कल काढली. "पश्चिमेस जिना, पूर्वेस बाग." आमचंच घर हो, डिट्टो! बिल्डरच्या माणसाने नकाशा उलटा धरला असणार आणि किल्ल्या इकडच्या तिकडे दिल्या, दुसरं काय! आणि पुढच्या महिन्यात सासूबाई घर यांच्या नावावर करणार होत्या. म्हणजे काकू जिथे झोपतात ती खोली यांच्या नावावर झाली असती, आणि आम्ही राहतो ते घर उद्या काकूंनी विकलं, तर आम्ही रस्त्यावर! ताबा वेगळा, मालकी वेगळी! आता कळलं मास्तर नाकातून का बोलतात.

मास्तरांना विचारलं, "एकतीस वर्षं राहतोय, काहीच नाही का त्याचं?" तर म्हणाले, "आहे ना, प्रतिकूल ताबा. त्याने राहणाराच मालक होतो. पण तो मालकाच्या विरोधात, उघड उघड, आणि बारा वर्षं हवा." हे घरी सांगितलं तर सासूबाई ताडकन उठून बसल्या, "प्रतिकूल? मग आहेच की! अकरा वर्षं त्या बाईशी बोललेली नाहीये मी!"

अकरा! एक वर्ष कमी पडलं बघा.

आणि अबोला कशावरून, तर चपलांच्या रॅकवरून! आमचा रॅक जिन्याजवळ आहे. काकू म्हणतात, ती त्यांची जागा. सासूबाई म्हणतात, आमची. मास्तर म्हणतात, जिना सामाईक असतो, एकट्याचा कुणाचाच नाही. म्हणजे अकरा वर्षं या दोघी भांडल्या कुठल्या जागेवरून, तर जी दोघींचीही एकटीची नाही त्या जागेवरून!

आता उपाय एकच, दुरुस्तीपत्र. दोघींनी शेजारी शेजारी बसून सह्या करायच्या. मी जीव मुठीत धरून समोरची बेल वाजवली. काकूंनी दोन्ही खतं वाचली, चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मला वाटलं, आता चक्कर येऊन पडतात. तर गालात हसल्या! "म्हणजे तुझी सासू एकतीस वर्षं माझ्या घरात राहते? न विचारता? आणि परवा दिवाणखान्यात खिळा कोण ठोकत होतं गं?" घ्या! पण बाई मनाची मोठी, म्हणाली, "करते सही, आत्ता करते. फक्त तो रॅक तेवढा हलवा."

झालं की हो! मी उड्या मारत घरी आले. सासूबाईंना म्हटलं, "आई, घर वाचलं! फक्त रॅक आत घ्यायचा." सासूबाईंनी पदर खोचला... म्हणाल्या, "घर गेलं तरी चालेल. रॅक हलणार नाही."

पाय धरले हो मी! यांनी समजावलं, साहेबांनी फोन केला, मास्तर तर स्वतः तीन मजले चढून आले, धापा टाकत म्हणाले, "आजी, ताबा वेगळा, मालकी—" सासूबाई म्हणाल्या, "चपला कुठे काढल्यात? रॅकवर ठेवा."

तर सध्या असं आहे. आम्ही काकूंच्या घरात राहतो, काकू आमच्या घरात राहतात. अख्ख्या तिसऱ्या मजल्यावर ताबाही आमचा आणि मालकीही आमची अशी एकच वस्तू आहे... चपलांचा रॅक!