टाकीत झाली दाटी

अरे, ऐका तर! वाघोलीत मी आणि सलीमभाई तेच पाणी गाळून, फिरवून टाकीत मासे वाढवतो ना, तिथे परवा सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते!

"सलीमभाई, यांना ऑक्सिजन पुरत नाहीये!" मी ओरडलो.

"पुरेल कसा? हावरटपणा करून आपण दुप्पट मासे सोडलेत. अर्धे त्या दुसऱ्या टाकीत हलवा, चटकन!"

जाळ्या घेऊन आम्ही दोघंही कमरेइतक्या पाण्यात उतरलो. मासे उसळून थेट तोंडावर आपटत होते. दुपारपर्यंत दोन्ही टाक्यांतले मासे खाली जाऊन मजेत पोहायला लागले. आम्ही अक्षरशः नाचलो!

कुंपणापलीकडून शेजारच्या जोशीकाकूंनी विचारलं, "वाचले का हो?"

"सगळे वाचले, काकू!"

"छान. आता आंघोळ करा, म्हणजे आम्हीही वाचू."