नारिंगी-काळा सदरा

हा सदरा तुमच्या वडिलांनी तुम्हाला कधी अंगात घालून दाखवला होता का, मिस टिबेट्स? — नाही ना. मला वाटलंच. पेटीच्या तळाशी, उलटी घडी करून — हो, लायमन तसाच ठेवणार. बसा. त्या बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, इकडे बसा. आज मंगळवार, देवळात कोणी येणार नाही. झाडलोटीला आणि घंटेला मी एकटाच असतो. तुमचे वडील गेले, थडग्याचा दगड घडवणारा थांबला आहे, आणि त्या दगडावर चेंडूफळीचं, आमच्या बेसबॉलचं, काही कोरावं की नाही, एवढंच तुम्ही विचारलंत. भाऊ नको म्हणतात, तुम्हाला हवं आहे. मी त्याच्या शेजारी तीन वर्षं खेळलो म्हणून माझ्याकडे आलात. मग ऐका माझं — नाव कोरा, दोन तारखा कोरा. चेंडूचं नको. झालं.

पट्टे? हसू आलं ना तुम्हाला? सगळ्यांनाच यायचं. ब्याऐंशी साली खेळ चालवणाऱ्या वरच्या मंडळींनी फर्मान काढलं, की सदरा संघाचा नसेल, जागेचा असेल. धावणाऱ्याने पाय टेकायचे ते बेस असतात ना, त्यातल्या दुसऱ्या बेसवर जो उभा राहतो — आमचा असो की समोरच्यांचा — त्याचा सदरा नारिंगी-काळा. माझी जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली, माझा डाळिंबी. समोरच्या संघात त्या जागेचा जो असेल त्याचाही डाळिंबीच. संघ ओळखायचा तो फक्त मोज्यांवरून. आमचे मोजे जांभळे. गाव आम्हाला ‘जांभळे’च म्हणायचं, आणि तो रंग असा, की घामाने पायांवर उतरला तो ऑक्टोबरपर्यंत जायचा नाही. आमचे मालक श्री. हॅस्केट, त्यांचा साबणाचा कारखाना — त्यांच्याच साबणाने जात नसे. पहिल्या दिवशी आम्ही ते सदरे घालून बाहेर आलो आणि लोक ओरडले, “सर्कस आली, सर्कस! हत्ती कुठे ठेवलात रे?” आमचा मागे बसून चेंडू झेलणारा डुगन, आयरिश माणूस, त्याने वळून उत्तर दिलं, “तिकीट काढून आत बसलेत की सगळे!” तुमच्या वडिलांना हसता हसता उभं राहवेना.

सगळ्यांना नावं डुगनने ठेवलेली. तो स्वतः ‘बैल’. तुमचे वडील ‘चिमणी’, कारण ते पळत नसत, टुणटुण उडत. — ते दुसरं नाव मागाहून आलं. ते मला माहीत आहे. तुम्ही उच्चारू नका. — आणि मी ‘डीकन’, म्हणजे चर्चचा सेवेकरी. मी दारूला शिवत नसे, रविवारी खेळत नसे, जेवणाआधी प्रार्थना म्हणत असे, म्हणून थट्टेने ठेवलेलं. पण हळूहळू थट्टा गेली आणि नाव उरलं. त्या काळी मैदानात पंच एकच. त्याला झेल नीट दिसला नाही तर तो खेळाडूलाच विचारायचा. आमच्या मैदानावर तो मला विचारायचा — “डीकन, जमिनीला लागला का?” मी म्हणेन तो निकाल. समोरचा संघही हुज्जत घालत नसे. कळतंय ना तुम्हाला? माणसाच्या शब्दाला इतकं वजन येऊ नये, मिस टिबेट्स. ते त्याचं नसतं. ते उसनं असतं, वरून आलेलं असतं, आणि तो ते स्वतःचं समजू लागतो.

त्या सामन्याचं वर्तमानपत्रात आलं तेच खरं धरा. जूनमधला, पिवळ्या मोजेवाल्यांविरुद्धचा. पाऊस तीन आठवडे नव्हता. शेवटची पाळी — आम्ही एका धावेने पुढे, एक गडी बाद केला की सामना आमचा. त्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर, एक पहिल्यावर. फटका सरळ माझ्याकडे आला. सोपा. मी चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर टाकायचा, धावणारा पोचण्याआधी तुमच्या वडिलांनी बेसवर पाय ठेवून तो धरायचा, गडी बाद, संपलं. आणि छापून आलं की टिबेट्स बेसवर पोचलाच नाही. चेंडू कुंपणापर्यंत गेला, दोन गडी धाव पुरी करून घरी आले, आम्ही हरलो. एवढंच. त्यात माझा काय — धूळ किती होती, बाई! नवव्या पाळीपर्यंत जांभळे आणि पिवळे सगळे मोजे मातीचेच झालेले. आणि पहिल्या बेसवरून धावत येणारा त्यांचा गडी कोण? त्यांचाही दुसऱ्या बेसवाला. तोच सदरा. मी मान वर केली तर दोन नारिंगी-काळी माणसं. एक दोन पावलं अलीकडे, धावणारा. एक बेसवर, दोन्ही हात पुढे केलेला —

काय?

हो. म्हणालो. बेसवर, दोन्ही हात पुढे.

बसा. उठू नका, मिस टिबेट्स. सत्तावीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आज निघालं, आता ते अर्धं ठेवण्यात अर्थ नाही. मी चेंडू त्या धावणाऱ्याला, त्यांच्या गड्याला दिला. छातीवर, अगदी प्रेमाने दिल्यासारखा. ती चूक होती — डोळ्यांची, सदऱ्याची, फर्मान काढणाऱ्यांची, कोणाचीही म्हणा. चुकीला क्षमा मागावी लागत नाही. पण मालक खाली उतरले. रागाने लाल झालेले. त्यांनी लायमनला विचारलं नाही, डुगनला विचारलं नाही. मला विचारलं. “डीकन, तो बेसवर होता का?” आणि मी म्हणालो, “नव्हता.” एक शब्द. आज्ञा दहा आहेत. मी नववी मोडली, खोटी साक्ष देऊ नको ही, आणि टोपी डोक्यावरून काढून, आदराने मोडली.

तुमचे वडील माझ्यासमोर आले. म्हणाले, “एनॉक?” — टोपणनावाने नाही, नावाने. एवढंच म्हणाले. वाद घातला नाही. डीकनविरुद्ध कोणाचं ऐकलं जाणार होतं? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने त्यांना ‘गैरहजर’ हे नाव दिलं. ते तीन गावांत गेले, तिन्ही गावांत ते नाव त्यांच्याआधी पोचलेलं. मैदानात पाऊल टाकलं की लोक हजेरी घ्यायचे. “टिबेट्स! — टिबेट्स आहे का? — गैरहजर!” पुढच्या वर्षी त्यांनी खेळ सोडून लाकडाच्या वखारीत काम धरलं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पत्र लिहायला हवं होतं, बरोबर. सुरुवात पुष्कळदा केली. देवाजवळ मी रोज कबूल करत आलो, पण ते सोपं असतं; त्याला आधीच माहीत असतं. ज्याला सांगायचं त्याला सोडून इतरांना सांगणं हा पश्चात्ताप नव्हे. आता दगडावर कोरा — ‘लायमन टिबेट्स, दुसरा बेस.’ भावांना माझं नाव सांगा. कोणी विचारलं तर मी चौकात उभा राहून सांगेन. निघा आता. उशीर करू नका, दगड घडवणारा जेवायला गेला तर तासभर परतत नाही. सदरा न्या. मला नको तो इथे.

— काय म्हणालात? मला काही भोगावं लागलं का?

मागे बसून झेलणारा हा एकटाच माणूस, ज्याच्या डोळ्यांसमोर सगळं मैदान असतं. डुगनने पाहिलं होतं. पोटासाठी तो त्या दिवशी गप्प बसला, पण बाकीच्यांना त्याने सांगितलं. पुढच्या वसंतात मी सरावाला गेलो. सराव जोडीने करतात. समोरासमोर उभं राहून एकाने टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा. जोड्या लागल्या आणि मी एकटा उरलो. मला वाटलं, माणसं विषम असतील. मोजली. माझ्यासकट बारा होतो. त्यांनी एका ठिकाणी तिघे घेतले होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी काही बोललं नाही. सहा वर्षं, मिस टिबेट्स, रोज सकाळी, मी कुंपणाच्या फळीवर चेंडू मारला आणि मीच झेलला.