झोपून तपासलेली खोली

आदरणीय अध्यक्ष, आमचे कार्यकारी अभियंता धम्मपाल साहेब. व्यासपीठावरचे ठेकेदार केतनशेठ. जिच्या हॉलमध्ये आपण जमलो आहोत त्या वसाहतीतल्या सर्व परिचारिका भगिनी. आणि आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती शिवदासराव व त्यांच्या पत्नी मालनवहिनी,

शिवदासराव, ती दुपार आठवते का? मुलुंडचा हाच प्लॉट, साइट ऑफिसची पत्र्याची शेड, टेबलभर नकाशे. तुम्ही डबा उघडलात आणि झाकण हातात धरूनच विचारलंत, "मॅडम, सुकट आहे. वास चालेल ना?" मी म्हटलं, "वासावरच भागवणार की थोडी देणार?" नकाशावर मसाला सांडला, आणि आपली वीस वर्षांची भांडणं सुरू झाली.

मी सरकारतर्फे नकाशे तपासणारी. तुम्ही ठेकेदाराचे क्वालिटी इंजिनिअर. तुमच्या नोकरीपेक्षा अवघड नोकरी मी पाहिली नाही. ज्याच्याकडून पगार घ्यायचा, त्याचंच काम नापास करायचं! नव्या सुनेने सासूच्या आमटीला नाव ठेवावं, तसलं धाडस ते. आणि तेही रोज.

ठेकेदाराच्या माणसाचा सत्कार खात्याने का करावा, असं मला या आठवड्यात दोघातिघांनी विचारलं. उत्तर आपण बसलो आहोत त्याच इमारतीत आहे.

इमारत उभी राहू लागली की एक घर आधी पूर्ण करायचं, अधिकाऱ्यांनी ते पाहायचं, मग बाकीची घरं तशीच करायची, ही आपली पद्धत. आणि आपण पाहतो म्हणजे काय करतो हो? नळ सोडतो, फरशीवर टाच आपटतो, कांदाभजी खातो आणि सही करतो. शिवदासरावांनी मात्र एका रविवारी, इथे राहायला येणार होत्या त्या नर्सपैकी संघमित्रा सिस्टरना बोलावलं. म्हणाले, "एक दिवस राहून बघा."

सिस्टर रात्रपाळी करून आल्या. मालनवहिनींनी नव्या ओट्यावर पहिला चहा केला. सिस्टर आतल्या खोलीत सतरंजीवर आडव्या झाल्या, आणि थोड्याच वेळात डोळे चोळत बाहेर. "इथे झोपायचं कसं? उशाशी पंप घुरघुरतोय!"

खिडकीखाली बांधकामाच्या पाण्याचा पंप होता. नकाशात कायमचा पंपही तिथेच होता. नियमात सगळं बसत होतं. पण इथे राहणाऱ्या बायका दिवसा झोपणार, हे कुठल्या नियमात लिहिलेलं असतं? शिवदासराव म्हणाले, पंप हलवायला हवा.

मी कॉन्व्हेंटची मुलगी. 'सिस्टर' म्हटलं की अजूनही माझी पाठ ताठ होते आणि उलट उत्तर सुचत नाही. मी लगेच मान डोलावली. केतनशेठ मात्र भडकले. पंपाच्या खोलीचा पाया भरून झाला होता ना!

"शिवदास, पगार मी देतो ना तुला? मग सरकारची वकिली कशाला करतोस?"

"सरकारची नाही हो शेठ. दिवसा झॉप नाय झाली, तर रात्री सुई खंय टोचतली ती?"

"तू उद्यापासून येऊ नकोस."

शेठ, आता हसताय, पण असंच म्हणाला होतात. शिवदासरावांच्या दोन मुली तेव्हा शाळेत होत्या. मालनवहिनी ओट्यापाशीच उभ्या होत्या. त्यांनी कप विसळले, पालथे घातले आणि म्हणाल्या, "चला हो." बस, एवढंच.

नकाशात बदल सुचवणं माझ्या हातात होतं. शिवदासरावांची नोकरी नव्हती. मी शेठना म्हटलं, "उद्या दुपारी जेवून या आणि त्या खोलीत फक्त आडवे व्हा." आले. पोटभर जेवून, स्वतःची उशी घेऊन आले! पंप सुरू झाला. शेठनी कूस बदलली. उशी डोक्याखालून कानावर गेली. शेवटी उठून बसले.

"वाट लागली यार! मॅडम, पाया तोडतो. पण त्या शिवदासला कोणीतरी फोन लावा ना."

"तुम्हीच लावा," मी म्हटलं.

फोन वहिनींनी उचलला. शेठनी उशी काखेत घेतली. मग म्हणाले, "वहिनी, चुकलो."

पंप मागच्या कुंपणाशी गेला, आणि शिवदासराव दुसऱ्या दिवशी डबा घेऊन साइटवर हजर. आता आमच्याकडे कोणीतरी राहून पाहिल्याशिवाय नमुन्याचं घर मंजूर होत नाही. ही रीत यांनी पाडली, ती मोडू देऊ नका, अशी धम्मपाल साहेबांना सर्वांसमक्ष विनंती. आणि शिवदासराव, सोमवारपासून मी भांडू कुणाशी, तेवढं सांगून जा.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द घसरला असेल, तर तो माझ्या शाळेच्या मराठीवर ढकला आणि मला सांभाळून घ्या. सकाळची कामं टाकून आलात, मनापासून आभार.

आता सूत्रसंचालन करणाऱ्या आमच्या तेजलला थोड्या सूचना. तेजल, ऐक गं. शाल अध्यक्षांच्या हातून शिवदासरावांना. नारळ केतनशेठ देतील. फुलं मालनवहिनींना, त्यांना आजवर कुणी काही दिलेलं नाही. आणि नाश्त्याची पाकिटं व्यासपीठावर आणू नकोस. मागच्या रांगेत रात्रपाळीहून थेट आलेल्या सिस्टर बसल्या आहेत, आधी त्यांच्या हातात दे. चहासाठी थांबवू नकोस. त्यांना घरी जाऊन झोपू दे.