काठ दुमडलेलं पान

(डोंगरउतारावर रानातली सायकसची, ताडासारखी दिसणारी झाडं. दृष्टी गेलेले, वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर दगडावर बसलेत, शेजारी त्यांची बायको, काकू. त्यांची जुनी विद्यार्थिनी हातात दोन पानं घेऊन खालून वर आली आहे.)

सर : …डोळे गेले म्हणून बोटं गेली नाहीत माझी. दे इकडे.

विद्यार्थिनी : हे पहिलं. सावकाश बघा, सर.

सर : बघायचंय काय त्यात? रुंद, पातळ, काठ सपाट. साधं सायकस, रानात ढिगानं मिळतं. दुसरं आण.

विद्यार्थिनी : घ्या.

सर : हं! अरुंद, ताठ, काठ मागे दुमडलेला. हे माझं. आमच्या पोरीच्या नावाचं.

काकू : बघू? मला मेलीला दोन्ही ताडाचीच वाटतात.

सर : ताड नव्हे गं! जन्म गेला माझ्याबरोबर, पण तो ताड काही सुटला नाही तुझा.

काकू : असू दे. पोरीचं नाव आहे, एवढं कळलं तरी पुरे मला. ती गेली आणि यांनी या झाडाला तिचं नाव दिलं, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरायला लागला गं.

विद्यार्थिनी : माहीत आहे, काकू. सर, दोन वेगळ्या जाती, खात्री आहे ना?

सर : आंधळ्यालाही कळेल. कळलंच की आत्ता! तुला तेव्हाही कळलं नव्हतं. ‘दोन्ही एकच’ म्हणून भर वर्गात अक्कल पाजळलीस.

विद्यार्थिनी : आणि तुम्ही म्हणालात, हिला घरी भाजी निवडायला बसवा. सगळे हसले. माझं संशोधन तिथंच बुडालं.

सर : खरं बोललं की झोंबतं.

विद्यार्थिनी : झोंबतं खरं. सर, ही दोन्ही पानं एकाच खोडाची आहेत.

सर : काहीतरीच बोलू नकोस.

विद्यार्थिनी : चला, तुमचा हात खोडाला लावून देते. त्याच्या शेजारचा मोठा वृक्ष वादळात पडला. सावलीत फुटलेली जुनी पानं सपाट, ऊन लागल्यावर आलेली नवी दुमडलेली. तुमचे सगळे नमुने वरच्या उघड्या कातळावरचे. खाली सावलीत तुम्ही कधी उतरलातच नाही.

सर : गुडघे दुखायचे माझे.

विद्यार्थिनी : म्हणून नवी जात जन्माला आली.

सर : कुणाला सांगितलंयस?

विद्यार्थिनी : लेख छापायला गेलाय.

सर : मग इथवर फरफटत कशाला आणलंस मला?

विद्यार्थिनी : तुमच्या तोंडून चुकीचं उत्तर ऐकायचं होतं. एकदाच.

सर : हवं तर मला खोटा ठरव. नाव तेवढं राहू दे.

विद्यार्थिनी : नियम तुम्हीच शिकवलात. जात एकच ठरली की आधीचं नाव चालतं, नंतरचं बाद.

काकू : बाद म्हणजे? पुसतात?

विद्यार्थिनी : पुसत नाहीत, काकू. खाली बारीक अक्षरात ठेवतात. चुकीचं म्हणून.

काकू : माझ्या लेकीचं नाव?

विद्यार्थिनी : तुम्हाला नव्हतं हो दुखवायचं मला.

काकू : मग फोन मला कशाला केलास? ‘काकू, तुम्हीही या’ म्हणालीस. मी हौसेनं नवी साडी नेसून आले.

विद्यार्थिनी : …सर एकटे आले नसते.

काकू : बरं. आता त्यांचा दुसरा हात धर. उतार फार आहे, मला एकटीला नाही झेपत.