काचेच्या कपाटाचे राखणदार

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर, आमच्या नव्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून जमलो आहोत ते आमचे सर, सरांच्या सौभाग्यवती, पालक, सहकारी आणि मागे सतरंजीवर चुळबुळ न करण्याचा प्रयत्न करणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

मी पहिलीची बाई. आधीच्या वक्त्यांनी सरांची शिस्त, सरांचं अक्षर आणि सरांचा वक्तशीरपणा वाटून घेतल्यामुळे माझ्या वाट्याला फक्त कपाट उरलं आहे. तेव्हा मी कपाटावर बोलते.

सरांच्या खोलीबाहेरचं ते काचेचं कपाट आपण सर्वांनी पाहिलं आहे. पाहुणे आले की त्यांना आधी तिथेच नेतात. त्यात लहान मुलांना शिकवायचं साहित्य आहे. रंगीत मण्यांची चौकट आहे, ठोकळे आहेत, छोटा तराजू आहे, काटे फिरवता येतील असं लाकडी घड्याळ आहे. सगळं कसं कालच दुकानातून आणल्यासारखं. का नसणार? त्याला परवापर्यंत एकाही मुलाचा हात लागलेला नव्हता. किल्ली सरांच्या छातीवरच्या खिशात. लोक पोटच्या पोराला जपणार नाहीत इतकं सरांनी ते कपाट जपलं. लोक म्हणतात, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्याकडे, मंडळी, चणेही होते आणि दातही होते. मध्ये फक्त काच होती.

मी नवी होते तेव्हा एकदा ठोकळे मागायला गेले. सर म्हणाले, "बाई, मुलांच्या हातात दिलं की खराब होतं." मी म्हटलं, "सर, ते मुलांसाठीच आहे ना?" त्यावर सर इतक्या मायेने हसले की मलाच माझ्या अडाणीपणाची लाज वाटली. मग आम्ही ठरवलं, काचेतूनच शिकवायचं. आठवड्यातून एकदा माझा वर्ग रांगेत, हात मागे बांधून कपाटासमोर उभा राहतो. मी बोट दाखवते, मुलं मोजतात. पुढच्या रांगेतली मुलं मोजतात, असं म्हणूया. मागची मुलं पुढच्यांची डोकी मोजतात.

मग कोणी विचारेल, पहिली-दुसरीत मुलं शिकतात तरी काय? पुष्कळ शिकतात हो. घड्याळच घ्या. कपाटातलं घड्याळ कायम पावणेचारची वेळ दाखवतं. माझ्या वर्गाला कधीही विचारा, किती वाजले? सगळे एका सुरात सांगतील, पावणेचार. शाळा सुटायच्या सुमाराला ते बरोबरही ठरतं. मधल्या सुट्टीत ही मुलं 'सर-सर' खेळतात. एक जण सर होतो आणि खिशावर हात ठेवून फिरतो. बाकीचे हात मागे बांधून भिंतीकडे बघत उभे राहतात. एवढाच खेळ. यात जिंकत कोणीच नाही, पण प्रत्येकाला सर व्हायचं असतं. याहून चांगला निकाल कोणत्या शाळेचा लागला असेल?

आता एका मुलीबद्दल सांगते. ती त्या सतरंजीवरच बसली आहे. वर्गात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण ती एवढीशी आहे आणि सारखी काहीतरी उचलून नेत असते. वर्षअखेरीला सरांनी स्वतः तिची तोंडी परीक्षा घेतली. कपाटासमोर उभं करून विचारलं, "लाल मणी किती?" मुंगीने काचेला नाक लावलं. काचेवर वाफ धरली. सरांनी रुमालाने आधी काच पुसली, मग पुन्हा विचारलं. तिने पुन्हा काचेला नाक लावलं. सरांनी निर्णय दिला, हिला आकड्यांची ओळखच नाही, पुढचं वर्षही पहिलीतच बसेल. तिची आई शिवणकाम करते. ती मला भेटायला आली आणि म्हणाली, "बाई, घरी सहा बटणं दे म्हटलं तर सहाच देते हो. तुमच्याकडे आली की काय होतं तिला?" मला कपाटाचा राग आला, हे सांगायचं राहून गेलं.

पण सरांचे उपकार विसरून चालणार नाही. या समारंभासाठी कपाट लखलखीत दिसावं म्हणून परवा सरांनी आपल्या हाताने कुलूप काढलं आणि मला फर्मान सोडलं, "तुमच्या वर्गाकडून एकेक वस्तू पुसून घ्या." माझ्या वर्गाच्या आयुष्यातला पहिला खरा गणिताचा तास, मंडळी, साफसफाई म्हणून पार पडला. घड्याळाचे काटे इतके फिरले की बिचारं दमलं असेल. आणि मुंगीने मण्यांची चौकट मांडीवर घेतली. एकेक लाल मणी पुसून ती पलीकडे सरकवत होती. मग म्हणाली, "बाई, दहा आहेत. पाच मला, पाच दादाला. मग आई ओरडणार नाही." वाटणी पहिलीत शिकवतच नाहीत, सर. ती दुसरीत येते.

तुम्ही तेव्हा दारात उभे होतात. मी तुम्हाला पाहिलं. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "झालं असेल तर कुलूप लावा." मला वाटलं, खोलीत जाऊन तुम्ही तिचा निकाल बदलाल. आज सकाळी पाहिलं, बदललेला नाही. तो उद्या लागणार आहे. आज शाळा सुटेपर्यंत मुख्याध्यापक तुम्ही आहात. त्यानंतर तुम्हाला इच्छा झाली तरी करता येणार नाही. म्हणून आभाराच्या भाषणात हे बोलते आहे. एकांतात सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा तसेच मायेने हसला असतात.

नव्या बाईंना थोड्या वेळाने मखमली डबीतून किल्ली दिली जाईल. बाई, ती जपून ठेवू नका, एवढीच विनंती.

सरांना उत्तम आरोग्य लाभो. अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. ही क्षमा मी माझ्यापुरतीच मागते आहे. मुंगीच्या वतीने मागणार नाही. तिचं काही चुकलेलं नाही.