राणीचं 'मले-तुले'

तुमाले माहीत नसन, नाटकाच्या डिग्रीत मी एकदा नापास झाली होती. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. परीक्षेत पोरगा गमावलेल्या राणीचं भाषण होतं. मी ते आमच्या पवनीच्या बोलीत केलं.

परीक्षक म्हणाले, "राणी कधी 'मले-तुले' करते का? शुद्ध बोला, नाहीतर नापास करीन."

"करा," मी म्हटलं. त्यांनी केलं.

घरी बाबा भडकले. "दोन शब्दांसाठी वर्ष कायले घालवलं?"

"बाबा, आपला दादा गेला तवा माय कोणत्या बोलीत रडली?"

बाबा म्हणाले, "जाय, पुन्हा बस परीक्षेले."

पुढच्या वर्षी तेच परीक्षक. "यंदा शुद्ध करून आलात?"

"नाही सर, पक्कं करून आली," म्हटलं अन् तसंच सुरू केलं.

मार्क त्यांनी काठावरचे दिले. पेढे मी अख्ख्या पवनीत वाटले.